हत्यार घेऊन चोर घरात शिरला तर? सातारा-सांगलीच्या मळ्या-वस्त्यांवर राहणाऱ्यांसाठी धागा

मळेकरी

द्राक्षांचा माल उतरायला लागला की तासगाव, पलूस, खानापूर भागात व्यापाऱ्यांच्या गाड्या फिरू लागतात आणि पाठोपाठ चोऱ्यांच्या बातम्या यायला लागतात. बाग मळ्यात, घरही मळ्यातच. शेजारच्या घरापर्यंत हाक पोचत नाही. साताऱ्याकडे कोरेगाव, फलटण, वाईच्या वस्त्यांवर राहणाऱ्यांचं काही वेगळं नाही.

सध्या ग्रुपवर दोन मेसेज फिरतायत. एक, "उशाशी कोयता आणि मिरचीपूड ठेवा". दुसरा, "घरात घुसलेल्याला मारून टाकलं तरी कायदा काही करत नाही". दोन्ही अर्धवट आहेत आणि त्यावर विसंबून कुणाचा तरी जीव जाईल याची मला खरोखर भीती वाटते. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पैसे, सोनं, मोबाईल, गाडी मागत असतील तर द्या. वाद घालू नका. पण अंगावर वार व्हायला लागला, घरातल्या बाईमाणसाला हात लागला, किंवा कुणाला ओढून बाहेर न्यायला लागले, तर मिळेल त्या वस्तूने, सगळी ताकद लावून लढा आणि सुटा. कुठपर्यंत द्यायचं आणि कुठून लढायचं हे आज, दिवसाउजेडी, घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायचं. रात्री दोनला गळ्याला सुरा लागल्यावर ठरत नाही.

आपल्याकडची पद्धत बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मध्यरात्र उलटली की येतात. आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी मदतीला कुणी निघू शकत नाही. मग कडी-कोयंडा उचकटतात नाहीतर मागच्या दाराला लाथा घालतात. दार तुटायला जो वेळ लागतो तोच तुमचा. त्या वेळात घरातले सगळे एका आतल्या खोलीत, दार लावून, समोर कपाट किंवा कॉट ओढून, आणि एकाने ११२ लावलेला. फोनवर आधी पत्ता सांगायचा, प्रसंग नंतर. गाव, वस्तीचं नाव, कुठल्या रस्त्याने आत वळायचं एवढं आधी गेलं की मध्येच फोन हिसकावला तरी गाडी निघू शकते. हे वाक्य घरातल्या लहान मुलांनाही पाठ हवं.

आणि ते आत आलेच तर हात दिसतील असे ठेवा. "चावी फडताळात आहे, काढून देतो" असं बोलून मगच हलायचं, हळू. घाबरलेल्या चोराच्या हातातलं हत्यार तुमच्या एका झटक्याने चालतं. आपल्याएवढीच त्यालाही घाई आणि भीती असते, हे लक्षात ठेवा.

बाकीच्यांनी आपापल्या अनुभवाचं आणि माहितीचं लिहा. चुकत असेल तर सांगा.

---

माणदेशी_गडी

दादा, तुमचं निम्मं पटतंय, निम्मं न्हाई. आमच्याकडं आटपाडी-जतच्या पट्ट्यात वस्ती वस्तीला दिसत न्हाई. पोलिसांची गाडी येईस्तोवर सगळं आटपतंय. तवर हात वर करून बसायचं व्हय? वर्षभर राबून आणल्याला पैसा असा कुणी उचलून न्यायचा? चार पोरं काठ्या घेऊन उठली की असली माणसं पळून जात्यात, ह्ये मी बघिटलंय.

---

मळेकरी

तुमचा राग माझाही आहे. पण बघा, चार पोरं उठली आणि ते पळाले, यात काठीपेक्षा उजेड, आवाज आणि माणसांची संख्या कामाला आली. ते मी पहिल्या दिवसापासून मागतोय. आठ-दहा घरांनी मिळून एक भोंगा बसवा, बटण प्रत्येक घरात. कड्या बाहेरून लावल्या तरी भोंगा वाजतो. ज्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथे एका फोनवर तुमचा आवाज सगळ्या परिसरात जातो, त्यात आपला नंबर नोंदवलाय का ते पोलीस पाटलांकडे जाऊन विचारा. चोराला पळायला वाट मात्र ठेवा. कोंडीत सापडलेला माणूस वार करतो.

---

न्यायाची_पायरी

सांगलीत वकिली करते. दुसऱ्या मेसेजबद्दल लिहायलाच हवं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क त्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी तो ९६ ते १०६ मध्ये होता. आशय जवळपास तोच. हा हक्क स्वतःच्या शरीराच्या रक्षणासाठी आहे, दुसऱ्याच्या शरीरासाठी आहे आणि मालमत्तेसाठीही आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिड फेकण्याचा हेतू असलेला हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोचतो. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ मध्ये जबरी चोरी आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी यांनाही तेवढंच संरक्षण आहे. म्हणजे कायदा तुम्हाला हात बांधून बसा म्हणत नाही. माणदेशी भाऊंचा राग कायद्याला समजतो.

पण कलम ३७ मध्ये मर्यादा आहे. बचावाला जेवढी गरज तेवढीच इजा, जास्त नाही. आणि कलम ४३ सांगतं की हक्क कधी संपतो. जबरी चोरीत चोर मारतोय, अडवून ठेवतोय, किंवा तत्काळ मृत्यूची, दुखापतीची भीती आहे, तोवर तुमचा हक्क. तो पाठ फिरवून उसातून पळाला, किंवा तुम्ही त्याला धरून खांबाला बांधला, की संपला. बांधलेल्याला लोखंडी पाइपने मारलं तर तो बचाव राहत नाही, तो वेगळा गुन्हा होतो आणि आरोपी तुम्ही असता. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या सगळ्याची उजळणी केली आहे. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, प्रत्यक्ष घाव बसेपर्यंत थांबायची गरज नाही. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक फटका मोजूनमापून मारावा अशी अपेक्षाही न्यायालय करत नाही. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी तो निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी चालतं. त्यामुळे खरोखर बचावात काही घडलं तर लपवू नका. स्वतः फोन करून कळवा आणि स्वतःच्या जखमांचीही वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्या. पुढे तेच कागद उपयोगी पडतात.

---

माणदेशी_गडी

ताई, ह्ये नीट सांगितलंत. एक शंका. धरला आणि बांधला, हितवर चालतंय न्हवं?

---

न्यायाची_पायरी

चालतं. डोळ्यांसमोर असा गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो. पण विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. चौकशी तुम्ही करायची नाही.

---

कोयनेची_लेक

माणसं जमली की काय होतं तेही इथे लिहायला हवं, कारण हे आपल्याच जिल्ह्यात घडलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून देवदर्शनाला आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं जमावाने ठेचून मारली. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी समाजाचे होते ते, बरेचसे मंगळवेढ्याकडचे. आपल्या शेजारच्या तालुक्यातले. त्यांच्या पिशवीत एकही हत्यार नव्हतं. होती ती फक्त अफवा.

रात्रीची गस्त घाला, जरूर घाला. पण अनोळखी माणूस दिसला तर आधी नाव-गाव विचारा, पोलीस पाटलाला बोलवा. फोटो काढून "हाच तो" म्हणून ग्रुपवर टाकू नका. माझी ही कळकळीची विनंती आहे.

---

गलाईवाला_विटा

आमची खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, देशभर पांगलेली. सोनं-चांदी घेऊन रेल्वेने, बसने जाणं हे रोजचं काम. धंद्यात आलेल्या नव्या पोराला भट्टीच्या आधी शिकवतात ते तोंड बंद ठेवायला. माल आहे हे लॉजवर बोलायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच.

कारण वाटेत अडवणारा बहुतेक वेळा टीप घेऊन आलेला असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की अमुक माणूस, अमुक गाडी, अमुक दिवस. द्राक्षवाल्यांनी हे मनावर घ्यावं. सौदा किती रुपयांनी झाला, पैसे रोख आले की खात्यावर आले, हे पारावर बसून सांगू नका. शक्य तेवढं बँकेतूनच घ्या. रोकड आणायची वेळ आलीच तर दर वेळी वेगळी वेळ, वेगळा रस्ता, आणि बरोबर एक माणूस.

हत्यार समोर आलंच तर बॅग त्याच्या हातात द्यायला पुढे जायचं नाही. बॅग त्याच्या एका बाजूला, जरा लांब टाकायची आणि आपण उलट्या बाजूला सरकायचं. त्याचं लक्ष बॅगेकडे वळतं, अंतर वाढतं. तेवढ्यात निघायचं. आमच्या लोकांमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. आणि प्रवासात असलेल्या मालाला विमा लागू आहे का, ते पॉलिसी वाचून आधी बघा. दुकानातला माल धरलाय आणि वाटेतला सोडलाय असंही असतं.

---

गणपतीपेठ

सांगलीत दुकान आहे. ४ जून २०२३ ला सांगली-मिरज रस्त्यावरच्या सराफी शोरूमवर भरदिवसा दरोडा पडला, तो इथे सगळ्यांना आठवत असेल. पोलीस असल्याचं सांगून आत आले, कर्मचाऱ्यांना एका जागी बसवलं, चिकटपट्टीने बांधलं. पळू पाहणाऱ्या ग्राहकावर गोळी झाडली. त्यानंतर आमच्या पेठेत काही गोष्टी बदलल्या. साध्या वेशात आलेल्याने ओळखपत्र दाखवलं तरी आधी त्या पोलीस ठाण्याला फोन, मग आत. आणि तो नंबर आमच्याकडचा, त्याने दिलेला नाही.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, काउंटरखाली ठेवू नका. पुरावा त्यातच असतो हे चोरांनाही कळून चुकलंय, जाताना तो उचलून नेतात. वेगळ्या खोलीत ठेवा, किंवा चित्रण बाहेर साठेल अशी सोय करा. पॅनिक बटण पायाने दाबता येईल असं बसवा, हात वर असताना हाताचं बटण निरुपयोगी. आणि नोकरांना एकदा बसवून सांगा की माल वाचवायला कुणी आडवं जायचं नाही. मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, नाहीतर बिचारी पोरं निष्ठेपायी अंगावर वार घेतात.

---

सिव्हिलची_सिस्टर

मी जखमी माणसं बघते म्हणून एवढंच लिहिते. कोयत्याचा किंवा चाकूचा घाव असेल तर स्वच्छ कापडाची घडी थेट जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरी घडी. हळद, चुना, तंबाखू, कॉफी काही भरू नका, टाके घालताना ते सगळं खरवडून काढावं लागतं. सुरा आत रुतलेला असेल तर उपटू नका, आजूबाजूने कापड लावून तो हलणार नाही असा धरा. तोच आतलं रक्त अडवून असतो. हातापायातून रक्त उडत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या वर, शरीराच्या बाजूला, रुंद पट्टी आवळा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा, पण गाडी उभी असेल तर वाट बघू नका, निघा. पोटाला मार लागलेल्याला पाणी पाजू नका, कितीही मागितलं तरी.

डोक्याला काठी बसलेला माणूस उठून बोलतोय, चहा पितोय म्हणून घरी ठेवू नका. काही तासांनी बेशुद्ध होतात अशी माणसं.

---

खाकी_निवृत्त

सातारा जिल्ह्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मळेकरी यांचं बरोबर आहे, आणि एक गोष्ट जोडतो. फिर्यादी आमच्यासमोर बसून हत्याराचं वर्णन अगदी बारकाईने करतात. मूठ कशी होती, पातं केवढं होतं. चेहरा विचारला की गप्प. यात त्यांचा दोष नाही, भीतीत नजर हत्यारावरच खिळते. म्हणून चेहऱ्याचा नाद सोडा, तसाही तो रुमालाने झाकलेला असतो. पाय बघा. बूट, चप्पल, चालताना कुठला पाय ओढतो का. हातावर गोंदण, तुटलेलं नख, अंगठी. उंची दाराच्या चौकटीशी ताडून लक्षात ठेवा. आणि कान उघडे ठेवा. आपसात कुठल्या बोलीत बोलत होते, एकमेकांना काय हाक मारली. रोखून बघू नका, एक नजर टाकून खाली मान घाला.

ते गेल्यावर घर आवरायला घेतात लोक. बाया माणसं पसरलेले कपडे घड्या घालून ठेवतात, अंगण झाडतात. कृपा करून नको. ठसे, पायाचे माग, फेकलेली बिडी, तुटलेलं कुलूप, सगळं तसंच राहू द्या. श्वानपथक येईपर्यंत अंगणात गर्दी नको. गावातली शंभर माणसं बघायला येऊन माग तुडवून जातात, तिथेच निम्मा तपास संपतो.

"आमच्या हद्दीत नाही" म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती देता येते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. गेलेल्या वस्तूंची यादी नीट करा, दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो शोधा. मोबाईल गेला असेल तर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर तो बंद करता येतो, त्यासाठी आयएमईआय, म्हणजे त्या मोबाईलचा ओळख नंबर, आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

---

वाईची_मुलगी

मी पुण्यात नोकरीला, आई एकटी वाईजवळच्या वस्तीवर. वय झालंय, पळणं, लढणं काही शक्य नाही. तिला मिरचीचा स्प्रे घेऊन देऊ का? संध्याकाळी देवळात जाते तेव्हा गळ्यात मंगळसूत्र असतं, त्याचीही धास्ती वाटते.

---

मळेकरी

ताई, स्प्रे ठेवायला हरकत नाही, पण तो रस्त्यावर, एकट्या माणसासाठी आणि सुटून पळता येत असेल तेव्हा. बंद खोलीत मारला तर आईंच्याच डोळ्यात जाईल, आणि समोर तीन-चार जण असतील तर एकाला झोंबून बाकीचे चिडतील. वाऱ्याची दिशा उलटी असेल तर बाहेरही तेच.

त्यांच्यासाठी मी पैसे दारावर खर्च करेन. झोपायच्या खोलीला आतून भक्कम दार, वर आणि खाली दोन्हीकडे जाड बोल्ट. बाहेर हालचालीने पेटणारा दिवा. मोबाईल उशाशी, चार्ज केलेला, आणि पॉवरचं बटण पटापट दाबलं की आपत्कालीन कॉल जातो ती सोय सुरू करून द्या, दोनदा सराव करून घ्या. साध्या बटणाच्या फोनवर बऱ्याचदा ५ किंवा ९ दाबून धरलं की जातो, तुमच्या फोनवर काय आहे ते बघा. रात्री दार वाजलं तर उघडायचं नाही, "पाणी द्या", "गाडी बंद पडली", काहीही सांगू दे. खिडकीतून बोलायचं, आणि "अहो, उठा, कोण आलंय बघा" असं आत तोंड करून म्हणायचं. एकट्या आहेत हे कळता कामा नये.

मंगळसूत्राचं म्हणाल तर रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. खेचलंच तर सोडून द्या. धरून ठेवल्याने म्हाताऱ्या बायका फरफटत जातात, डोकं आपटतं. रोज वापरायला साध्या मण्यांचं पुरे, हे आईंना तुम्हीच समजावू शकाल.

आणि आत कुणी आलंच तर त्यांनी लढायचं नाही. चावी द्यायची. बीपीची गोळी घ्यायची आहे असं सांगून खाली बसायचं. घरात थोडी रोकड पटकन सापडेल अशी ठेवा, बाकी बँकेत आणि लॉकरमध्ये.

---

वाईची_मुलगी

बोल्टचं काम याच आठवड्यात करून घेते. शेजारच्या वस्तीवरच्या काकूंशीही बोलते, रात्री नऊला एकमेकींना फोन करायचा असं ठरवता येईल.

---

शिवारातला

एक विचारू का? रानडुकरांसाठी आम्ही मक्याला तार लावतो. रात्री तीच घराच्या कंपाउंडला जोडली आणि करंट सोडला, तर चोर आत येणारच नाहीत. माझ्या हद्दीत माझी तार.

---

न्यायाची_पायरी

अजिबात करू नका. मक्याला लाईनचा थेट करंट सोडत असाल तर तोही आजच काढा, आपल्याकडे दरवर्षी त्यात शेतकरीच मरतात.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ सालचा निकाल आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. बाहेरच्यांनी आपल्या संडासात येऊ नये म्हणून त्या माणसाने वाटेत उघड्या तारेत वीज सोडली होती, सूचना कुठेही नव्हती. शेजारची बाई तारेला चिकटून मेली. स्वतःच्या जागेत बेकायदा शिरलेल्या माणसाविरुद्धही असा सापळा लावता येत नाही असं न्यायालयाने सांगितलं, स्वसंरक्षणाचा बचाव फेटाळला आणि शिक्षा कायम ठेवली. कारण उघड आहे. समोर काय धोका आहे हे बघून तुम्ही हात उचलता, म्हणून कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. तार काही बघत नाही. तुमचा भोंगा ऐकून धावत आलेला शेजारी, पहाटे दूध घालायला आलेला पोरगा, अंधारात गेट उघडणारा पोलीस, तिला सगळे सारखेच.

बाजारात ठरावीक मानकाची झटका मशीन मिळतात, झटका बसतो पण जीव जात नाही. ती लावायची तरी दिसेल अशी पाटी आणि रस्त्यापासून अंतर ठेवून, आणि बसवणाऱ्या माणसाकडून पावती घेऊन. घरासाठी मात्र मळेकरींनी सांगितलेला भोंगा आणि दिवा लावा. वस्तीवरच्या आठ घरांत खर्च वाटला तर फार पडत नाही.

---

शिवारातला

मक्याची तार उद्या सकाळी काढतो. भोंग्याचं आमच्या वस्तीवर रविवारी बोलतो. बटण बाहेरच्या भिंतीला घ्यायचं की आत?

---

मळेकरी

आत. झोपायच्या खोलीत, पलंगावरून हात पोचेल असं. आणि वीज गेली तरी वाजायला हवा, म्हणून बॅटरीवर चालणारा घ्या. चोर आधी बाहेरच्या मीटरचा खटका पाडतात.